नाव न सांगता पुढे जा

मेलेला नवरा गोड बोलायला लागला तर बाईनं आधी काय करावं? शंका घ्यावी. मी आधी पदर सारखा केला.

आमचा वजनकाटा जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्यांच्या तोंडाशी आहे. भंगाराचे ट्रक भरून येतात, सळईचे भरून जातात, आणि दोन्ही आमच्या प्लेटवर उभे राहूनच पुढं सरकतात. भट्ट्यांचा धूर असा, की इथला कावळा दोनदा काळा. त्या काट्याच्या केबिनमध्ये आमचे मालक उभी हयात बसले. माणूस असा, की शब्द जणू रेशनवर मिळतात. गाडी प्लेटवर आली की माइकमधून म्हणायचे, "थोडं मागं. बस्स. उतरा." ड्रायव्हर उतरायचा, गाडीचा किन्नर, म्हणजे क्लीनर, तोही उतरायचा. वर भंगारावर हमाल बसलेले दिसले, तर "सगळे उतरा." माणसाचं वजन लोखंडात धरायचं नाही, हा त्यांचा धर्म. मग एकदा खाकरायचे आणि आकडा सांगायचे. गाडी गेली, प्लेट मोकळी झाली, की म्हणायचे, "शून्य." झालं बोलणं. घरी आल्यावर तेवढंही नाही.

माझा धाकटा भाऊ आश्रुबा भंगाराच्याच धंद्यात. एकदा पाय प्लास्टरमध्ये घालून ट्रकमध्ये बसून आला, तर ह्यांनी त्यालाही खाली उतरवला. दोन माणसांनी धरून उतरवावा लागला. मी केबिनमध्ये शिरून तोंड सोडलं. "माझा पाठचा भाऊ आहे तो!"

"काट्याला नातं नसतं," हे म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

पुढं बॅटरीचे, बिनड्रायव्हरचे ट्रक आले. आवाज न करता येऊन उभे राहायचे, भुतासारखे. हे त्यांनाही "उतरा" म्हणायचे, रिकाम्या सीटकडं बघून. पोरं हसायची. "मामा, आत कुणीच नाही!"

"माहीत आहे. सवय मोडायची नाही."

दिवाळी झाली आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेले. प्लेटवर ट्रक तसाच उभा होता. त्याचा आकडा सांगून झाला होता. "शून्य" म्हणायचं तेवढं राहून गेलं.

आता टेबलावरच्या कॉम्प्युटरचं पहिल्यासारखं राहिलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. चित्रावर टिचकी मारायचे दिवस गेले. आता आत जी मुख्य प्रणाली असते तिला 'बैठक' म्हणतात. जो माणूस रोज त्या कॉम्प्युटरपुढं बसतो, त्याचं सगळं ती उचलते. आवाज, कामाचा क्रम, कुठं थांबतो, कशाला नाही म्हणतो. माणूस उठून गेला तरी त्याच्या आवाजात, त्याच्या पद्धतीनं काम चालू राहतं. बाहेरगावी गेला तरी, आणि कायमचा गेला तरी. ह्यांचीही बैठक होती. पण मालकामागं कुत्रं जावं तसा तो जुना कॉम्प्युटरही त्यांच्या मागोमाग गेला, बैठक एक शब्द बोलायच्या आधीच.

नवा घेतला. बसवायला नईम आला. त्याच्या आईची आणि माझी जुनी ओळख, म्हणून मला मावशी म्हणतो. म्हणाला, "मावशी, बैठक बसवायला दोन इन्स्टॉलर मिळतात. एक हलका, एक भरलेला. कोणता टाकू?"

त्यानं बरंच समजावलं. मला कळलं ते असं. हलका म्हणजे हात हलवत येणारा जावई. एका फोटोएवढा त्याचा पसारा. चुटकीसरशी घरात शिरतो, आणि मग लागेल तसं नेटवरून मागून आणतो. टॉवेल शेजाऱ्याचा, वस्तरा तिसऱ्याचा. भरलेला म्हणजे रुखवतासकट येणारी सून. सुईदोऱ्यापासून पाट्यावरवंट्यापर्यंत सगळं ट्रंकेत बांधून आणते. उतरवून घ्यायला अख्खा दिवस जातो, पण एकदा दार लावलं की बाहेर कुणाकडं काही मागायचं काम नाही.

"जुनी डिस्क शाबूत आहे," नईम म्हणाला. "भरलेला टाकायचा तर ती पूर्ण ओतावी लागेल. दिवसभर काटा बंद."

बाहेर ट्रकची रांग पार नाक्यापर्यंत गेलेली. म्हटलं, "जावई बोलाव."

मशीनमधून एका पोरीचा आवाज आला. "ज्यांची बैठक बसवायची आहे, त्यांचं नाव घरच्या मालकांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं."

नईम माझ्याकडं बघतो. मोनिका, म्हणजे माझी सून, तीही माझ्याकडं बघते. मी छताकडं.

"आत्या, नाव सांगा."

"तू सांग."

"मी मामांचं नाव कसं घेऊ? आणि तुमचाच आवाज पाहिजे त्याला. मालक आता तुम्ही."

मी त्यांचं नाव कधीच घेतलं नव्हतं. लग्नात दोघी नणंदांनी उंबऱ्यावर दार अडवलं, नाव घे तरच आत ये म्हणून. मी दोघींना खांद्यानं बाजूला सारून आत गेले. जे त्या उंबऱ्यावर घेतलं नाही, ते ह्या डबड्यापुढं घेऊ?

"हे बघा, खाली आहे," नईम म्हणाला. "'नाव न सांगता पुढे जा.' लई बायका हेच दाबतात, मावशी. आमच्या अम्मीनं पण हेच दाबलं."

"मग दाब की. कामून माझं तोंड बघतोस?"

त्यानं दाबलं. पुढचा ट्रक प्लेटवर आला, आणि भोंग्यातून आवाज आला, "थोडं मागं. बस्स. उतरा." तोच. अगदी तोच. मोनिकानं डोळ्याला ओढणी लावली. मी तिला म्हटलं, रडायचं तर पावत्या भिजवू नकोस.

दुपारी नेहमीच्या सवयीनं मी चहाचा कप केबिनमध्ये नेऊन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं आता पिणारं कुणी नाही. उचलायला गेले, तर मशीन म्हणालं, "गया, तू घेतलास का चहा?"

हात तिथंच थांबला. जिवंतपणी ह्या माणसानं मला 'ऐकलं का' सुद्धा म्हटलं नव्हतं. नुसतं खाकरायचे, आणि मी ओळखायचे की पाणी पाहिजे.

"घेते," मी म्हणाले. आणि पदर सारखा केला.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी केबिनमध्ये जाऊन बसायला लागले. मोनिकाला सांगायचे, पावत्या तपासते. ती काही दुधखुळी नाही. इस्त्रीचं लुगडं नेसून पावत्या कोण तपासतं? तो आवाज विचारायचा, गुडघा दुखतो का. म्हणायचा, तू होतीस म्हणून हे सगळं उभं राहिलं. सत्तरीला टेकलेली बाई मी, कानात गरम तेल घालावं तसं वाटायचं. आश्रुबा दारातून ऐकायचा आणि दात काढायचा. "अक्का, दाजी मेल्यावर सुधारले म्हणायचे."

"तू जित्तेपणी सुधरतोस का बघ आधी."

एक गोष्ट तेवढी मोनिकानं पहिल्या आठवड्यातच टिपली. गाडी गेल्यावर तो आवाज "शून्य" म्हणत नव्हता. "सावकाश जा, बाबा," असं म्हणायचा. ड्रायव्हर खूश. मी म्हटलं, एक शब्द हरवला असेल प्रवासात. माणूस मेला म्हणजे थोडंफार सांडणारच.

मग एका दुपारी आवाज म्हणाला, "तुला आठवतं गया? आपण घाटावर बसलो होतो. तुझे पाय पाण्यात होते."

मी कुठल्याही घाटावर ह्यांच्यासोबत बसलेली नाही. आमच्या कुंडलिका नदीत पाय बुडवावे एवढं पाणी असतं कधी? पण बाईला असं कुणी विचारलं तर ती काय म्हणते? मी म्हणाले, "आठवतं."

"थोरलीचं बाळंतपण नीट झालं ना?"

आम्हाला एकच मुलगा, कैलास. तो चाकणला नोकरीला, मोनिका इथं माझ्याजवळ. मुलगी झालीच नाही. माझ्या मानेवर काहीतरी चालल्यासारखं झालं. मी म्हणाले, "झालं."

पुढच्या आठवड्यात मोनिकाचं ब्लाऊज टाकायला जुन्या जालन्यात गेलो. तिथं सिंधूबाईचं शिवणकामाचं दुकान आहे. तिचे मालक नामी टेलरमास्तर होते, तेही मागल्या वर्षी गेले. आता त्यांची बैठक मापं सांगते आणि कापड बेतते. पातळ, किनरा आवाज. मोनिका स्टुलावर उभी राहिली आणि तो आवाज म्हणाला, "थोडं मागं. बस्स."

मोनिकानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं.

मग ते खाकरलं. आवाज दुसऱ्याचा, पण खाकरणं ह्यांचं. घशात आधी एक खडा सरकल्यासारखं, मग मोकळं. ते मी आंधळी झाले तरी ओळखीन. मोनिकाचं माप झालं आणि किनरा आवाज म्हणाला, "उतरा."

"आमचे हे आधी असं खाकरत नव्हते," सिंधूबाई टाचण्या तोंडात धरून म्हणाली. "आता सारखं चालू असतं. आणि एक नवीन खूळ. दुकान बंद केलं की म्हणतात, शून्य. काय शून्य, कुणास ठाऊक बाई."

मी विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"पैठण. हेही तिथलेच. नव्या नवलाईत रोज घाटावर नेऊन बसवायचे. मी पाय पाण्यात सोडायची." टाचण्या काढून ती हसली. "हल्ली मात्र त्यातलं काही बोलत नाहीत."

"थोरल्या मुलीला काय झालं?"

"नातू." मग ती दचकली. "तुम्हाला कसं कळलं ती बाळंत झाली?"

मी उलट विचारलं, "बैठक बसवताना मशीनला नाव सांगितलं होतं?"

"मी? त्यांचं नाव?" ती लाजली, ह्या वयात. "काहीतरीच तुमचं."

नईमला बोलावून घेतलं. त्यानं खुर्ची ओढली आणि बराच वेळ पडद्यावर काहीबाही बघितलं. मग म्हणाला, "मावशी, नेटवर प्रत्येक माणसाचं एक पोतं असतं, आणि नाव म्हणजे त्या पोत्याची गाठ. नाव सांगितलं, की हलका इन्स्टॉलर आपल्या माणसाच्या पोत्यातूनच काढतो. नाही सांगितलं, की गाठ सुटते आणि पोतं एका मोठ्या बेनाव ढिगात ओतलं जातं. मग बोलायची वेळ आली की त्या ढिगातलं जे बरं दिसेल ते उचलायचं. लोकांना काय आवडलं, कशानं माणूस खुर्चीत जास्त वेळ बसला, त्यावरून."

"म्हणजे ज्या बायकांनी नाव घेतलं नाही, त्या सगळ्यांचे नवरे…"

"एकात एक."

"किती असतील?"

"मावशी, आपल्याकडं नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका किती?"

मोनिका हळूच म्हणाली, "राहू द्या ना आत्या. कुणाचं का असेना, गोड आहे. तुम्ही हसायला लागलात."

मी तिला रागावले नाही. राहूच दिलं. गोड खायची सवय लागली की माशी पडलेली दिसत नाही. दिसली तरी माणूस बोटानं बाजूला करतो आणि खातो.

मग आश्रुबाचा ट्रक आला. भंगारानं भरलेला, ताडपत्री बांधलेली. आश्रुबा पुढं बसलेला, शेजारी किन्नर. मी केबिनच्या दारात उभी. आश्रुबा सवयीनं दार उघडून पाय बाहेर काढतोय, तेवढ्यात भोंगा म्हणाला, "या पाव्हणं! बसा, बसा. उन्हात कशाला उतरताय?"

आणि आकडा सांगितला. माझ्या भावासकट, किन्नरासकट.

"बघ अक्का!" आश्रुबा वरून ओरडला. "शेवटी मेव्हण्याची किंमत कळली!"

मागच्या ट्रकचे दोन ड्रायव्हर बघत होते. त्यातला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. ह्यांच्या हयातीत आमच्या काट्यापुढं उभं राहून असं कुणी हसलं नव्हतं. कारखानदार भांडायचे, ड्रायव्हर शिव्या द्यायचे, पण आकड्यावर कुणी हसायचं नाही.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

"उतरा का नाही म्हणालात?"

"तुझा भाऊ आहे ना तो, गया," आवाज म्हणाला. "तुझं मन कशाला मोडू?"

हेच वाक्य ऐकायला मी सगळा जन्म घालवला होता. आणि ते ऐकलं तेव्हाच मला कळलं, की ह्या खोलीत माझा नवरा नाही.

मी खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "कडुबा."

माझ्या तोंडून ते पहिल्यांदा निघालं. सासूची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ह्यांचं नाव असं ठेवलं होतं. काळानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं, म्हणून. जीभ वळेल की नाही वाटत होतं. वळली.

मग ह्यांच्याच आवाजात आलं, "कोण?"

मी परत घेतलं.

"कोण कडुबा, गया?" थोडं थांबून, "ते नाव नको घेऊस, शांता." मग, "रुक्मिणी, नको ना." मग मंगल. मग कुणी प्रयाग. मग सिंधू. आवाज ह्यांचा एकट्याचा, पण बायका बदलत चाललेल्या. प्रत्येकीला अशा मायेनं हाक, की जणू तीच समोर उभी आहे. मी मागं सरकत दाराला टेकले. बाहेर प्लेटवर बिनड्रायव्हरचा एक ट्रक येऊन उभा राहिला होता, गपचूप. नावं थांबेनात. आणि शेवटी, अगदी हळू, कानाशी तोंड आणून बोलावं तसं, "तू नाव घेतलंस, तर आम्ही कुठं जायचं?"

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. भोंगा थांबायला जरा वेळच लागला.

अमावास्येला आमचा काटा बंद असतो. प्लेट धुवायची, लिंबू कापायचं, नारळ फोडायचा, ही ह्यांनीच घातलेली रीत. त्या दिवशी सकाळीच नईम भरलेला इन्स्टॉलर आणि जुनी डिस्क घेऊन आला. आश्रुबालाही मी बोलावून घेतलं होतं. समोर उभा राहा म्हटलं, दात न काढता.

नईमनं वायरी जोडल्या आणि थांबला. "मावशी, एकदा विचार करा. हे पुसलं की ते गोड बोलणं परत यायचं नाही. डिस्कवर जेवढं आहे तेवढंच येईल. आणि मी डिस्क बघितली. त्यात…" तो अडखळला. "त्यात फारसं काही नाही."

"मला माहीत आहे त्यात काय आहे. मी संसार केलाय."

"आणि ह्यांचं जे इतर घरी गेलं, ते मात्र परत आणता येणार नाही. ढिगात सांडलेलं पीठ वेचता येत नाही."

"राहू दे. सिंधूबाईला तेवढंच खाकरणं."

पोरीचा आवाज आला. "ज्यांची बैठक बसवायची आहे, त्यांचं नाव घरच्या मालकांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं."

नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घेऊ नये म्हणतात. कोण म्हणतं त्याला माझ्यासमोर आणा. मी पदर खांद्यावरून घेतला, मशीनसमोर ताठ उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले,

"लोखंडाच्या गावामधी काट्याचा मान मोठा,
कडुबारावांच्या तोंडी शब्द नव्हता खोटा."

आश्रुबानं मान खाली घातली. मोनिका रडली, पण पावत्यांपासून लांब. नईमनं 'भरलेला' दाबलं.

दिवसभर डिस्क कुरकुरत राहिली. सुरुवातीला मधेच भोंगा एकदा कण्हल्यासारखा झाला आणि "गया" की "माया" असं काहीतरी म्हणाला. मी उठून बाहेर गेले. उन्हं कलायच्या आधी सगळं उतरलं. नईमनं नेटची वायर ओढून काढली, गुंडाळी करून माझ्या हातात दिली.

मी चहा करून आणला. कप मशीनपुढं ठेवला. "चहा ठेवलाय," म्हणाले.

काही नाही.

"ऐकलं का?"

काही नाही. मोनिकानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मला तिचा राग आला. मी खराटा उचलला आणि प्लेट झाडायला बाहेर गेले. नारळाची टरफलं पडली होती. प्लेटच्या मधोमध पोचले, आणि भोंगा खाकरला. आधी खडा, मग मोकळं.

"उतरा."

सासूचं ऐकलं नाही, नणंदांचं ऐकलं नाही, ती मी. खराटा काखेत धरून उतरले.

केबिनवरच्या लाल आकड्यांच्या पाटीकडं पाहिलं. मी उतरल्यावर तिथं काही उरायला नको होतं. पण आकडा होता. माझ्यापेक्षा कितीतरी मोठा. हलत होता, जागच्या जागी पाय बदलत उभं राहावं तसा. प्लेट रिकामी. उन्हात लखलखणारं धुतलेलं लोखंड, आणि त्यावर कसलीही सावली नाही.

"आत्या," मोनिका दारातून म्हणाली. "प्लेटवर तर कुणीच नाही."

नईमनं वायर काढलेल्या जागेवर हात ठेवला, खात्री करायला. आश्रुबा दोन पावलं मागं सरला.

भोंगा परत खाकरला. मग त्याच आवाजात, ना चढ ना उतार, जसा प्रत्येक ट्रकवरच्या हमालांना म्हणायचे तसं म्हणाले, "सगळे उतरा."

आकडा कमी व्हायला लागला. एकदम नाही. एकेक जण कठड्यावरून पाय खाली सोडून उतरावा, तसा टप्प्याटप्प्यानं. आम्ही चौघं बघत होतो. शेवटचं जे कोण होतं ते जरा रेंगाळलं. मग तेही गेलं.

आणि मग, दिवाळीपासून जे म्हणायचं राहून गेलं होतं, ते आमच्या मालकांनी म्हटलं.

"शून्य."